धोंड्याचा महिना कोणाच्या वाट्याला

माझा भाऊ भागोजी गेला आणि तेरावं उरकताच त्याच्या दोन्ही मुलांनी वाटण्या केल्या. वरंधकडची भातखाचरं, तांब्याचा हंडा, परसातला फणस, सगळं अर्धं अर्धं. फणसाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. पूर्वेकडच्या थोरल्या सयाजीच्या, पश्चिमेकडच्या धाकट्या भरतच्या. उरली आई, म्हणजे माझी वहिनी रंगूबाई. तिचे दोन भाग करता येईनात म्हणून वर्षाचे केले. चैत्र ते भाद्रपद गावात सयाजीकडे, आश्विन ते फाल्गुन मुंबईला भरतकडे. एवढी सुरेख वाटणी पंचक्रोशीत झाली नव्हती, असं भावकी म्हणाली.

वाटायचा राहिला तो रस्त्यालगतचा माळ. तो वहिनीच्या नावावर. कोणा पुणेकराला तिथं बंगले बांधायचे होते, पण वहिनी अंगठा देईना.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. मराठी महिन्यांवर आई वाटणाऱ्या त्या शहाण्यांच्या डोक्यात धोंड्याचा महिना आलाच नव्हता. धोंड्याला लेकीला माहेरी बोलावतात. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपली सवयीनं पोलादपूरहून गेले. बघते तर वहिनीची पिशवी ओट्यावर, आणि सयाजी मे महिन्यात आंबे खायला आलेल्या भरतला सांगतोय, "माझं सा म्हयने ठरलंत. ह्यो जास्तीचा हाय. एवढा तू ने."

"दादा, ज्येष्ठ तुझ्यात येतो. तो डबल आला तर माझा काय फॉल्ट?"

सयाजीची बायको आवडी दारातून म्हणाली, "भावजी, अधिकात पुण्य दुप्पट लागतं. तुमचा लाभ आमी कशाला मारू?"

"लाभ तुम्हीच घ्या वहिनी. आमचा वन बीएचके आहे."

वहिनी तिथंच बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

मला आमचे काका आठवले. त्यांचं अर्धं अंग गेलं होतं, तरी मळणीला भावकीनं त्यांना खाटेसकट खळ्यावर नेलं. भात नीट झोडतात की नाही हे त्यांना बघायचं होतं. दिवसभर त्यांनी खाटेवरून सगळ्यांना शिव्या दिल्या आणि सगळ्यांनी त्या ऐकल्या. आज कोणाची पाळी, हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचला नाही. तेव्हा माणसं कमी शिकलेली होती.

"वहिनी, चला माझ्याकडे," मी म्हटलं. "महिनाभर काय, कायमच्या राहा."

 आवडीनं लगेच पिशवी उचलून आत ठेवली. भरतनं ती आतून आणून आपल्या गाडीत ठेवली. सयाजीनं गाडीतून काढली.

"आत्ये, तू कशाला तरास घेतेस?" सयाजी म्हणाला. "आईला माळ दिसल्याबिगर करमत नाय."

"माळ आईला दिसतो की तुला?" भरत म्हणाला. "आत्या, क्लिअर सांग. तिकडे तू तिचा अंगठा वगैरे घेणार नाहीस ना?"

"माझी पिशवी लहान आहे रे," मी म्हटलं. "माळ मावायचा नाही."

आता दोघंही ज्येष्ठ आपलाच म्हणून भांडू लागले. घटकेपूर्वीचे मुद्दे तेच, फक्त त्यांची तोंडं बदलली होती.

वहिनीनं आठळ्यांची परडी बाजूला सारली.

"वन्सं, मी तुमच्याकडं येत नाय. मुंबयलाबी जात नाय. ह्या घरात मी नांदायला आले, हितंच रव्हनार. पाळी तुमी करा रे. सा म्हयने सयाजी बघंल, सा म्हयने भरतनं हितं येऊन ऱ्हायचं. जो चुकंल त्याला माळातलं ढेकूळ मिळायचं नाय. तसं मी भावकीसमोर लिहून देते."

"आणि हा अधिकचा?" भरतनं बारीक आवाजात विचारलं.

"दोघंबी ऱ्हा. वाद नको."

आईसाठी गावाहून काम करायची परवानगी मागणं भरतला कधी जमलं नव्हतं, माळासाठी ती फोनवर मिळाली. घरात रेंज येत नाही म्हणून तो आता फणसाखाली लॅपटॉप घेऊन बसतो, सयाजीच्या फांद्यांखाली. त्याची बायको रेश्मा मुंबईहून रोज सासूची चौकशी करते. गावात दोघा भावांच्या मातृभक्तीचं कौतुक चाललंय. असे मुलगे मिळायला नशीब लागतं, असं मला पोलादपूरच्या बाजारात दोघींनी सांगितलं. मी म्हटलं, नशीब लागतं आणि रस्त्यालगत जमीन लागते.

काल वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आज भरतला भाकरी थापाया बसवला. करपली गो."

"मग?"

"खाल्ली. पन चांगली झाली असं म्हनले नाय. उद्या परत करंल."