मतदान अधिकारी क्रमांक दोन

सेतुमाधवराव मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात हेडक्लार्क होते आणि १९८९ची विधानसभा ही त्यांची पाचवी निवडणूक होती. उभं राहण्याची नव्हे हो, बसण्याची. दर खेपेला सरकार त्यांना शाळेतल्या एका टेबलामागे बसवी आणि बुकातून एकेक मतपत्रिका फाडून, घडी घालून मतदारांच्या हातात द्यायला लावी. मतदान अधिकारी क्रमांक दोन. केंद्राध्यक्षाची खुर्ची पगाराच्या श्रेणीवरून मिळते, आणि रावांची श्रेणी तिथवर कधी पोचलीच नाही.

या खेपेला मद्रासमधल्या नुंगंबाक्कमच्या शाळेत त्या खुर्चीवर सुनंदा देवधर होती. त्यांच्याच कारखान्यातली अधिकारी, पुण्याहून बदलून आलेली, वय बत्तीस, निवडणूक पहिली. आदल्या दिवशी सामान ताब्यात घेताना राव तिला म्हणाले होते, "अस्के कागद, एकूण एक, नीट पाहून घ्या कीं, अम्मा. मागाहून तंटा नको."

बाई हसली. "राव, किती गोड बोलता! अगदी बखरीतलं मराठी."

पिढ्यान् पिढ्या तंजावरात जपलेली भाषा, आणि ही कालची आलेली पोर तिला गोड म्हणते! रावांच्या तोंडाची चवच गेली.

मतदान सुरू झालं तसा जळफळाट आणखी वाढला. बाईचं तमिळ मोडकंतोडकं, पण रांगेतल्या बायका तिलाच हाक मारत. पोलीस सलाम ठोकी तो तिला. पक्षांचे एजंट वाद घालायचे तेही तिच्याशीच. बरं, ती कामात कुठे चुकेल म्हणावं, तर चुकतही नव्हती. रावांना सगळ्यात जास्त राग याचाच होता.

आणि अकराच्या सुमारास ती चुकली. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीवर केंद्राध्यक्षाची सही लागते. नसली तर मोजणीच्या वेळी भांडण होतं, पत्रिका बादसुद्धा होऊ शकते. बाई एका बुकावर सह्या करत असताना एका मतदाराच्या ओळखीवरून एजंट भांडू लागले. ती मधेच उठली, तंटा मिटवला, परत आली आणि ते बुक तसंच रावांकडे सरकवलं. शेवटचे दहा कागद कोरे होते.

पहिला कोरा कागद हातात आला तेव्हा रावांनी तोंड उघडलंही होतं. पण समोर बाई एका म्हाताऱ्याशी हसून बोलत होती, आणि रावांनी तोंड मिटलं. मोजणीत निघेल, त्यांना वाटलं. मग कळेल वरच्या साहेबांना, खुर्चीवर कुणाला बसवायला हवं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मतदाराच्या हातात दिली. मग दुसरी दिली. तिसरी देताना हात जरा अडखळला. पुढे तोही अडखळेना.

मग अलमेलू आली. स्टेशनबाहेर फुलं विकणारी म्हातारी, दोन तास रांगेत उभी होती. पहिल्या टेबलावरच्या मतदान अधिकारी नारायणस्वामींनी यादीतलं तिचं नाव मोठ्यानं वाचलं, तिचा अंगठा घेतला आणि बोटाला शाई लावली. रावांच्या टेबलापाशी येऊन तिनं तमिळमधून विचारलं, "सार, मागच्या वेळी माझ्या नावावर दुसरीच कोणी मत टाकून गेली होती. या वेळी माझं मत पोचेल ना?"

रावांच्या हातात तिची कोरी पत्रिका होती. पोचेल, म्हणता येईना. ते उठले, ती पत्रिका आणि बुक उचललं आणि बाईंच्या टेबलाशी गेले.

"सही नाहीं जाहली, मॅडम."

सुनंदाचा चेहरा उतरला. "अगंबाई! चूक माझीच." तिनं तिथल्या तिथे उरलेल्या कागदांवर सह्या केल्या. "अशा गेल्या किती?"

"सात," राव म्हणाले.

म्हणाले आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आत्ताच लक्षात आलेला माणूस आधी बुकात पत्रिका फाडल्यावर मागे राहिलेले तुकडे मोजू लागतो. रावांनी बुकाकडे मान वळवलीही नव्हती.

सुनंदानं त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग केंद्राची डायरी ओढली आणि लिहिलं: सात मतपत्रिका माझ्या नजरचुकीने सहीविना दिल्या गेल्या. खाली सही, वेळ, अकरा पस्तीस.

रावांनी ते उलटं उभ्यानं वाचलं. त्यांचं नाव कुठेही नव्हतं. दोष देण्यापुरतंही नव्हतं. ही पोर सात मतांची जबाबदारी एकटी घेऊन मोकळी झाली, आणि त्या क्षणी रावांना तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा खुर्चीसाठीही कधी वाटला नव्हता.

"मॅडम, मीही सही करतों," ते हळूच म्हणाले. "मला ठाऊक होतें कीं."

"केंद्राध्यक्षाची डायरी आहे, राव," सुनंदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इथे तुमच्या सहीला जागा नाही. जा, त्या आजी थांबल्यात."

राव सही झालेली पत्रिका घेऊन आपल्या टेबलापाशी आले. अलमेलू हात पुढे करून उभी होती.