पाण्याखालचा थांबा

भाटघरच्या पाण्यावर कोंडिबाने पंचवीस वर्षं लाँच चालवली. त्या लाँचने काय नाही वाहिलं! शाळेची पोरं, नवऱ्या, बाळंतिणी, भाताची पोती, एकदा तर मतदानाच्या पेट्या. पुढे पलीकडच्या पुलाचं सिमेंटही तिनेच वाहिलं, आणि पूल झाल्यावर तिला कुणी विचारेना. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं दुसरं काय असतं!

मग काठावर पडल्या पडल्या तिच्यात कोंबड्या राहिल्या. पुढे भोरच्या विराजसाहेबांनी ती विकत घेतली, रंग दिला, टेबलं मांडली. पुण्याची माणसं तिच्यात बसून मासे खाऊ लागली. यंदा साहेबांच्या मनात आलं, लोकांना पाण्यावर फिरवतच खाऊ घालावं. इंजिन दुरुस्त झालं, कर्णे लागले, आणि बासष्टाव्या वर्षी कोंडिबाच्या हातात पुन्हा चाक आलं. त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नाही.

पण चाचणीच्या फेरीत त्याने जुन्या सवयीने मधोमध इंजिन बंद केलं, आणि विराजसाहेब भडकले.

"कोंडिबा, लोक घाबरतील. पुन्हा असे थांबलात, तर मी दुसरा ड्रायव्हर आणीन."

तिथे खाली धरणात बुडालेलं जुनं गाव आहे, जननीदेवीचं देऊळ आहे. लाँच त्यावर आली की कोंडिबा इंजिन बंद करून आरोळी द्यायचा, "गाव आलं!" माणसं चपला काढायची, चिमूटभर तांदूळ पाण्यात सोडायची. मगच लाँच पुढे निघायची. वाऱ्यापावसातही हे कधी चुकलं नव्हतं.

पाहुण्यांच्या पहिल्या फेरीला कोंडिबाने मान खाली घातली आणि गाव ओलांडलं. कर्ण्यांवर गाणी ढणढणत होती. कुणाला कळणार आहे, असं त्याने मनाला समजावलं.

मागे चंद्राबाई भजी तळत होती. याच लाँचमधून ती नवरी होऊन आली होती. ती उठून चाकापाशी आली. उजवी मूठ मिटलेली.

"दादा, इंजिन बंद न्हाई केलंत?"

"न्हाई."

"घरनं तांदूळ आणल्यात म्या."

एवढंच म्हणाली आणि मूठ तशीच मिटून कढईकडे वळली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. कोंडिबाला स्वतःची लाज वाटली. चाक मिळालं खरं, पण ते कशासाठी धरायचं हेच आपण विसरलो, असं त्याला वाटलं.

त्याने चाक गरकन फिरवलं. लाँच वळली, टेबलांवरचे ग्लास घसरले, पाहुणे ओरडले. देवळावर येताच त्याने इंजिन बंद केलं. कर्णे इंजिनवरच चालत होते, तेही गप्प झाले.

विराजसाहेब धावत आले. "काय बिघडलं?"

कोंडिबाने चपला काढल्या. चाक सोडून तो बाजूला झाला.

"काय न्हाई, सायेब," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी आरोळी दिली, "गाव आलं!"