दुपारच्या हाका

घडी घालता घालता तिचे हात थांबले.

तालमीतला प्रवेश साधा होता. वसतिगृहातली खोली, दोन मुली. एकीनं धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या, दुसरीनं बोलायचं. सरांनी नाटकाची शेवटची पानं आज सकाळीच आणून दिली होती आणि तिच्या वर्गातली चिमणी ती हातात धरून पहिल्यांदाच वाचत होती.

"बाबांनी दुपारी हाक मारली. दोनदा. मी जागी होते. म्हटलं, आता नाही, दिवसभर हेच चाललंय. डोक्यावरून चादर ओढली आणि पडून राहिले. संध्याकाळी उठून बघते, तर बाबा गेले होते."

हे शब्द घड्या घालणारीचे होते. 'म्हटलं, आता नाही' हेसुद्धा तिचंच. नाट्यसंस्थेतल्या पहिल्या वर्षी सरांनी वर्गाला सांगितलं होतं, जे आजवर कुणालाच बोलला नाहीत ते कागदावर लिहा, नाव घालू नका, या डब्यात टाका. मी वाचणार नाही, इमारतीमागे नेऊन जाळून टाकणार, तुम्ही फक्त मोकळे व्हा. आणि ही बावळट मोकळी झाली होती. दोन वर्षं वडिलांचं अंथरुणातलं सगळं करून मग शिकायला आलेली, वर्गात सगळ्यांहून मोठी, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. ताईनं चांगलं पानभर लिहिलं होतं. त्यातलं 'आई शेजारी झोपली होती' एवढंच वाक्य सरांनी गाळलं होतं. बाकी सगळं शब्दन् शब्द उचललेलं.

"ताई, कसलं भारी आहे ना हे!" चिमणी म्हणाली. "सरांना सुचतं तरी कसं?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला शर्ट तसाच टाकून ती सरांच्या खोलीकडे निघाली.

सर निमंत्रणपत्रिका तपासत होते. 'लेखक आणि दिग्दर्शक' ही अक्षरं बाकी सगळ्यांपेक्षा मोठी होती.

"ते कागद तुम्ही जाळणार होता."

"कुठले कागद?"

"डब्यातले."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"अगं, तरुणांवरचं नाटक तरुणांच्या पोटातूनच यायला हवं. कुणाचं नाव आहे का त्यात?"

"ते पान काढा."

"का? तुझं आहे?"

दार सताड उघडं होतं. चिमणी आणि आणखी दोघंजण मागोमाग येऊन उंबऱ्याशी उभे होते. हो म्हणावं, तर उद्या सगळ्या संस्थेत पसरलं असतं आणि परवा आईच्या कानावर. आईला हे कळता कामा नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ती चार वर्षं तोंड मिटून होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"माझं नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं."

चोर तो चोर, वर शहाणपण शिकवत होता. नाटक सोडावं, तर हीच शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. रोज तालमीत ती घड्या घालत राहिली आणि आपलेच शब्द ऐकत राहिली. कपड्यांची इतकी आवळून घडी करायची, की सर म्हणाले, "वा, ताई, हा राग छान वापरतेयस." त्या क्षणी तिला त्यांच्या तोंडात तो शर्ट कोंबावासा वाटला.

"आई, नाही आलीस तरी चालेल," तिनं घरी सांगून बघितलं. "भिकार नाटक आहे."

"तीन वर्षं शिकून भिकार?" आई म्हणाली. "मग तर बघायलाच हवं."

प्रयोग दुपारी होता. आई चौथ्या रांगेत, इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. आणि ती मेली चिमणी, तालमीत निम्म्या ओळी खाणारी, त्या दिवशी नेमकी अप्रतिम बोलली. ताईनं एकदाच खाली बघितलं. आई मान खाली घालून पर्सचा बंद पिळत होती.

टाळ्या पडल्या. सर छातीवर हात ठेवून वाकले.

आई रंगमंचामागे आली ती कुणाशी न बोलता. तिचा दंड धरला, कपडेपटाच्या खोलीत ओढून नेलं आणि दार लावलं. आईचा चेहरा लालबुंद झाला होता. संपलं, तिच्या मनात आलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस! मी जागी होते हे कुणी सांगितलं तुला? बायकोच्या जागी मुलगी घातली, की मला कळणार नाही, असं वाटलं?" आईचा आवाज चिरकला. "तू तर झोपली होतीस. मी वळून बघितलं होतं, डोक्यावरून चादर घेऊन गाढ झोपली होतीस. दोन वर्षं उठले ना मी त्यांच्या प्रत्येक हाकेला? एकदा नाही उठले. एकदाच. विचारायचं होतं, तर तोंडावर विचारायचंस. चारशे लोकांसमोर कशाला?"

दाराबाहेर सर कुणाला तरी सांगत होते, की तरुणांचं दुःख कळायला त्यांच्यात राहावं लागतं.

गप्प राहणं फार सोपं होतं. आईनं सगळं आपणहून अंगावर घेतलं होतं, आता फक्त मान हलवायची होती. तिनं हँगरवरचा एक कोट घट्ट धरला.

"मी झोपले नव्हते, आई."

आईचा हात वर गेला. थोबाडीत बसणार म्हणून तिनं डोळे मिटले, पण तो हात खांद्यावर पडला, जोरात, आणि पुन्हा एकदा.

"मग दोघींतल्या एकीनं तरी उठायचं ना गं!"