भिंतीवरची हिरवी पट्टी

दामिनीची पट्टी पुन्हा माझ्या पट्टीच्या वर गेली होती. डबा टेबलावर ठेवाच्या आधी मी भिंतीवरच्या स्क्रीनकडे पाहिलं, अन् पाहिल्याबरोबर डोकं तापलं. येऊन वर्ष नाही झालं या पोरीले! मी या ऑफिसात तेव्हापासून आहो, जेव्हा लिलाधर सरांकडे एकच कॉम्प्युटर होता अन् आमी पाळीपाळीनं बसत होतो.

आमचं काम इमारतींचे नकाशे करायचं. भिंती-दरवाजे मी अन् दामिनी काढतो, खांब-स्लॅब रिंकूभाऊ पाहतात. उन्हाळ्यात सरांनी एक नवीन प्रोग्राम आणला. कोणी किती रेषा ओढल्या, किती शीट पूर्ण केले, ग्रुपवर कोण काय बोललं, सारं तो टिपते. भंडाऱ्यातल्या आमच्या त्या दोन खोल्यांत मोठी स्क्रीन लागली, त्यावर ज्याचं काम जास्त त्याची हिरवी पट्टी वर. सर म्हणाले, "दिवाळीनंतर आसगावच्या दवाखान्याचं काम सुरू होईल. टीम कोणाच्या हाती द्याची, ते मी डेटा पाहूनच ठरवीन."

आसगाव म्हणजे माझं माहेर. तिथल्या दवाखान्याची टीमलीडर मीच होणार, हे मी मनात कधीचं पक्कं करून टाकलं होतं. आईनं तं धानाच्या बांधावर साऱ्यायले सांगूनही टाकलं. अन् आता ही तुमसरची दामिनी, कानात इयरफोन घालून टकाटका बटनं दाबत, माझ्या गावचा दवाखाना घेऊन चालली! जळून राहिली होती मी, खोटं कायले बोलू? ती हसली तरी मले वाटे, माझ्यावरच हसून राहिली. तिचा ड्रेस, तिची गाडी, तिच्या डब्यातली भाजी, काहीच पाहावत नव्हतं. त्यात एक दिवस सर तिच्या खुर्चीमागे उभे राहून "वा!" म्हणाले. मले इतक्या वर्षांत एक 'वा' मिळाला नव्हता.

आमच्या ऑफिसात एक जुनी रीत आहे. काम अडलं का ग्रुपवर 'अटकलो' लिहायचं, अन् ज्याच्याकडून ते सुटंल त्याचं नाव टाकायचं. त्या माणसानं हातचं काम सोडून तो नकाशा उघडायचा, मार्ग काढायचा अन् 'सुटलं' लिहायचं. बहुतेक वेळा नाव माझंच असे. जिन्याखाली डोकं आपटते, अटकलो, कामिनीताई. खिडकीत खांब येऊन राहिला, अटकलो, कामिनीताई. अर्धा दिवस यातच जाये, अन् तेवढ्यात दामिनीची पट्टी वाढत राहे.

मंग मी ठरवलं, बस झाली समाजसेवा.

रिंकूभाऊ टेबलापाशी आले. "ताई, कारध्याच्या बंगल्यात संडासाचा पाईप बीममधून जाऊन राहिला. पाहा ना जरा."

"मी कायले पाहू? त्या हुशार बाईले विचारा."

"तिले काय समजते? तुमीच..."

"समजंल! स्क्रीनवर तं लय समजते तिले."

बिचारे गेले. दामिनीनं इयरफोन काढून ठेवला, दोघं कितीतरी वेळ डोकं लावून बसले. बसा म्हटलं! मी ग्रुपच म्यूट करून टाकला, मान खाली घातली अन् नुसत्या रेषा ओढल्या. भिंत काढली, पुसली, पुन्हा काढली. प्रोग्रामले काय समजते पुसलेलं? माझी पट्टी चढत गेली अन् दामिनीची उतरत गेली, कारण तिले आता लोकांच्या भानगडीतून फुरसतच नव्हती. मी पहिल्या नंबरवर आली त्या दिवशी साऱ्या ऑफिसले समोसे खाऊ घातले. दामिनीले मुद्दाम एक जास्तीचा दिला.

दिवाळीनंतर सरांनी दोघींले केबिनमध्ये बोलावलं. मी नवीन साडी नेसून गेली होती.

"आसगावची टीम दामिनी चालवंल," सर म्हणाले.

मी भांडायलेच उठली. "सर, भिंतीवर कोणाचं नाव वर आहे? तुमीच लावलं ना ते?"

"ते कोणाचे हात किती चालले, त्याचं आहे. टीमलीडर मी त्यावर कायले ठरवीन?" त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "मी 'अटकलो' ते 'सुटलं' पाहिलं. कोणामुळं दुसऱ्याचं काम पुढं सरकते, ते. हे पाहा, पावसाळ्यापर्यंत 'अटकलो'च्या साऱ्या रेषा तुझ्या नावाकडे जातात. मी तं तुझंच नाव धरून बसलो होतो, कामिनी. मंग एकदम थांबलं. घरी काही अडचण असंल म्हणून मी वाट पाहिली. काय झालं होतं?"

काय सांगू? हिची पट्टी पाहावत नव्हती म्हणून? ती बाजूलेच बसली होती.

"काही नाही," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर दामिनी माझ्या मागोमाग आली. मी मनात म्हणत होती, मिरव बाई, आता तरी मिरव, म्हणजे मले तुझ्यावर मनसोक्त चिडता येईल. पण ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"ताई, तुमी रिंकूभाऊले माझं नाव सांगितलं, म्हणून लोक मले विचारायले लागले. नाहीतर मले कोण विचारत होतं? मी आपली रेषा ओढत बसे, अन् मले रोज तुमचा हेवा वाटे. साऱ्यायले तुमीच लागत होत्या."

मी तोंडानं अभिनंदन म्हटलं. ती उठून गेली, अन् मी पहिल्यापेक्षाही जास्त जळायले लागली. आतापर्यंत मी उगाच जळत होती. आता जळायले खरं कारण झालं, अन् ते मीच माझ्या हातानं तिच्या ओटीत टाकलं होतं.