पांढऱ्या पावडरीचं चुंबक

बाळंतपणाची रजा संपवून आफशीन प्रयोगशाळेत आली, तर मार्गदर्शक सरांनी लेक कशी आहे एवढंसुद्धा विचारलं नाही. शोधनिबंधाचं संमतिपत्र पुढं सरकवलं. "सही कर. पेपर आजच पाठवायचाय."

पेपर तिच्याच पावडरीवर होता. झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण. चार वर्षं खपून तिनं ते घडवले होते आणि शंभरदा मोजले होते. त्यांत चुंबकत्व नव्हतं. आता पेपर म्हणत होता, आहे! वर पहिलं नाव ऋतुराजचं, तिचं तिसरं.

"चार महिन्यांत हे चुंबक झालं कसं?"

"नशीब लागतंय, ताई," ज्युनिअर ऋतुराज दात काढत म्हणाला.

"बाटलीतली पावडर खरवडलीस कशानं?"

"ह्यानं की." त्यानं स्टीलचा चपटा चमचा उचलून दाखवला.

आफशीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थालीपीठ उलथतोयस व्हय रे? लाकडी काडीशिवाय हात लावला न्हाय मी त्याला! स्टीलचा कणभर कीस पडला तरी मशीन चुंबक दाखवतंय. हे तुझ्या चमच्याचं चुंबकत्व हाय!"

"आवाज खाली," सर म्हणाले. "एवढं कोण बघतंय?"

"मी बघतेय की."

"तुझा प्रबंध माझ्या टेबलावर हाय, आफशीन. माझ्या सहीवाचून तो हलत न्हाय."

आफशीननं कपाटातली आपल्या पावडरीची जुनी सीलबंद बाटली काढली, लाकडी काडीनं चिमूटभर पावडर घेतली आणि चुंबकत्व मोजायच्या मशीनला लावली. तासभर उभी राहिली. दूध दाटून छाती ठणकत होती, कुडता भिजला, तिनं ओढणी पुढं घेतली. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट आली, म्हणजे चुंबकत्व नव्हतंच. ऋतुराज खाली बघू लागला.

"नमुना जुना झाला असंल," सर म्हणाले.

"पावडर म्हंजे काय दूध हाय नासायला?"

तिनं संमतिपत्रावरचं आपलं नाव खोडलं. खाली लिहिलं, 'हे चुंबकत्व स्टीलचं असावं. नमुना लाकडी काडीनं घेऊन पुन्हा मोजावा. तोवर माझी संमती नाही.' आजचा आलेख जोडला आणि दोन प्रती काढल्या.

"कुठं निघालीस?"

"आवक खिडकीला. हापिसात ह्याची नोंद करायला."

"प्रबंध विसर मग!"

खिडकीवर बसलेल्या धोंडुबाईंपुढं तिनं दोन्ही प्रती ठेवल्या. "मावशी, शिक्का मारा. नंबर टाका. आणि एक प्रत मला द्या."

धोंडुबाईंनी शाईच्या डबीत शिक्का दाबला आणि दोन्ही कागदांवर दणकन मारला.