ताटाचं राहिलं

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या एका समुपदेशन केंद्रात अस्मिता काम करत होती. क्लिनिकल सोशल वर्करचं लायसन्स मिळवायचं तर अनुभवी सुपरवायझरच्या हाताखाली ठरावीक तास भरावे लागतात, शिवाय परीक्षा. तिचे तास भरत आले होते.

त्याच सुमारास मनोहरकाका आले. बायको गेल्यावर नाशिकचं घर बंद करून मुलाकडे राहायला आलेले. "मला मराठीतच बोलायचंय," असं त्यांनी कळवलं होतं, आणि केंद्रात मराठी येणारी अस्मिता एकटीच. काकांची सून सुचित्रा तिची जवळची मैत्रीण. ओळखीच्या घरातली केस घेता येत नाही; हे सुपरवायझर लॉराला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर केस जाईल, तास लांबतील, म्हणून ती गप्प राहिली.

एका भेटीला लॉरा स्वतः येऊन बसली. काका बोलायचे, अस्मिता इंग्रजीत सांगायची.

"पाहुणे आले की सून माझं ताट खोलीत आणून ठेवते," काका म्हणाले. "जाताना दार ओढून घेते."

अस्मिताला सुचित्राकडचं परवाचं जेवण आठवलं. बाबांना बरं नाहीये, असं सुचित्रा म्हणाली होती. सगळे हसत-खिदळत जेवले होते.

घरी त्यांना एकटं वाटतं, एवढंच तिनं लॉराला सांगितलं.

काकांनी मान वर केली. "ताटाचं राहिलं, बेटा. इंग्रजी कळतं मला. फक्त हे सगळं त्यात बोलवत नाही."

अस्मितानं लॉराला ताटाचं सांगितलं, आणि काकांची सून आपली मैत्रीण असल्याचंही.

लॉरा आवाज न चढवता म्हणाली, "काकांसाठी आपण दुसरं कुणी मराठी बोलणारं शोधू. हे तास मी धरणार नाही. तुझ्या लायसन्सच्या कागदांवर सही करायची का, हेही मला नव्यानं बघावं लागेल."

काका अस्मिताकडे वळले. "म्हणजे त्या पाहुण्यांत तूही होतीस?"

"हो, काका. चुकले मी."

"सुचित्राला यातलं काही बोलू नकोस. मला तिथेच राहायचंय."

"नाही बोलणार," ती म्हणाली. त्यांना आपली अशी विनवणी करावी लागावी, याचीच तिला जास्त लाज वाटली.

रविवारी मुलीला आणायला गेली तेव्हा मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये सुचित्रा भेटली. "काय गं, लायसन्सची पार्टी कधी?"

"वेळ लागेल अजून," अस्मिता म्हणाली, आणि खाली वाकून उगाचच मुलीच्या जॅकेटची चेन लावत बसली.