शार्त्रचे उलटे मनोरे

आणखी एका गिऱ्हाइकानं कॅथीड्रलचं फ्रेम केलेलं चित्र दुकानात परत आणून आपटलं, तेव्हा सोलांजचं डोकंच फिरलं. नक्षीदार मनोरा डावीकडे, साधा उजवीकडे, हे शार्त्र गावातलं शेंबडं पोरही सांगेल. चित्रात मात्र नेमकं उलटं!

"अहो, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, हे चित्रकाराला बायकोनं सांगायचं?"

"कॅथीड्रलसमोर बसलं की दिसेल तसंच कोरलं जातं," आन्सेल्म गुरगुरला. "उलटं कोरायचं कुणाच्या लक्षात राहतं?"

सोलांजनं फ्रेम त्याच्या नाकासमोर धरली. खाली कोपऱ्यात त्याची वळणदार सही होती, अगदी सुलट.

"देवाचं घर उलटं कोरायचं लक्षात राहत नाही. स्वतःचं नाव उलटं कोरायचं मात्र बरं लक्षात राहिलं!"